मळ ओळखा, मग बाटली उचला: घरगुती सफाईची स्वस्त साधनं

ओट्यासाठी एक फवारा, काचेसाठी दुसरा, नळांसाठी तिसरा, फरशीसाठी चौथा. किराणाच्या यादीत ही रांग वाढतच जाते. यातल्या बहुतेकांचं रोजचं काम दोन पावडरी, एक बाटली व्हिनेगर आणि मूठभर रिठे करू शकतात. पण कुठे काय वापरायचं हे कळलं तरच. घरगुती उपाय करून पाहिले आणि सोडून दिले, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. खोदून विचारलं तर कळतं, की नळावरच्या पांढऱ्या डागांवर सोडा घासत बसले होते आणि तेलकट टाइलवर व्हिनेगर मारलं होतं. उपाय दोन्ही बरोबर होते, जागा उलट्या झाल्या होत्या.

तेव्हा आधी मळ कशाचा आहे ते पाहा. गॅसशेगडी, ओट्यामागच्या टाइल्स, डब्यांची झाकणं, एक्झॉस्ट फॅन यांच्यावर असतो तो तेलाचा चिकटा. त्याला सोडा लागतो. नळ, शॉवर, बादली, मग, किटली यांच्यावर बोअरच्या पाण्यातले क्षार बसतात. त्यांना आंबट लागतं. तांब्या-पितळेवरचा काळपटपणाही आंबटानेच जातो. आणि कपड्यांचा घाम, हाताचे डाग, साधी धूळ-माती यांना फेस होणारं काहीतरी लागतं. एवढं लक्षात राहिलं तर पुढची मापं पाठ करायचीही गरज नाही.

दुकानातून काय आणायचं

खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. खाण्याचा सोडा सौम्य असतो, उघड्या हाताने वापरला तरी सहसा काही होत नाही. धुण्याचा सोडा त्याहून बराच तीव्र. तेल झटकन सोडवतो, पण हातांची कातडीही कोरडी पाडतो, म्हणून रबरी मोजे घालायचे. खाण्याचा सोडा खूप तापवला की त्याचाच धुण्याचा सोडा होतो हे खरं, पण त्यासाठी गॅस जाळण्यात अर्थ नाही, तो तयार मिळतो आणि स्वस्त मिळतो. बेकिंग पावडर मात्र चुकूनही आणू नका. तिच्यात सोड्याबरोबर आंबट द्रव्य आणि स्टार्चही असतो, सफाईला तिचा उपयोग नाही.

आंबटासाठी लिंबूसत्व घ्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे पांढरे दाणे. सुटं मिळतं, बरणीत वर्षभर टिकतं आणि व्हिनेगरसारखा वास घरभर पसरत नाही. साधं पांढरं व्हिनेगर काचेसाठी ठेवायला हरकत नाही. ताज्या लिंबाचा रस मात्र सफाईला महाग पडतो. पिळून झालेल्या फोडी वापरा, रस सरबतात जाऊ द्या.

याशिवाय पाव किलो रिठे, मीठ, चिंच. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची फडकी. आणि मिळाली तर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा नारळाचा काथ्या. नॉनस्टिकवर काथ्या नको, बाकी स्टीलच्या भांड्यांना तो उत्तम.

फवाऱ्याच्या रिकाम्या बाटल्या घरात असतातच. वापरण्याआधी त्या चांगल्या धुवा आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरात आत काय आहे ते लिहून चिकटवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कुठलंही द्रावण भरायचं नाही. घरात लहान मूल असो वा नसो, रात्री तहानलेला मोठा माणूसही तीच बाटली तोंडाला लावतो.

तेलकट जागांसाठी सोडा

रोजच्या ओट्यासाठी आणि फ्रीजच्या आतल्या बाजूसाठी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवा. फडकं बुडवून पिळा, पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुसा. दुसरं पुसणं टाळलं तर वाळल्यावर पांढरे ओघळ दिसतात. चहाने काळवंडलेले कप, गाळण्याची कड, प्लॅस्टिकच्या डब्याला बसलेला लसणाचा वास यांना पातळ द्रावण पुरत नाही. तिथे सोड्यात थोडंसंच पाणी घालून लगदा करा, चोळा आणि पाव तास ठेवून धुवा.

जुना, मेणचट झालेला चिकटा याने निघणार नाही. त्याची पद्धत अशी:

1. एक लिटर कडकडीत गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. पाणी आधी, सोडा नंतर. मोजे घातलेलेच हवेत.
2. फडकं या पाण्यात भिजवून चिकट्यावर पसरून ठेवा. नुसता फवारा मारला तर पाणी ओघळून खाली जातं, काम होत नाही.
3. दहा-पंधरा मिनिटांनी घासणीने हलकेच घासा. चिकटा तपकिरी पाणी होऊन सुटतो.
4. दोनदा साध्या पाण्याने पुसा.

ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावायचा नाही. तो धातू खातो आणि भांडं काळं पडतं. चिमणीच्या जाळ्या बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या असतात, त्यामुळे जाळी सोड्यात बुडवण्याआधी ती कशाची आहे हे पाहून घ्या. हलकी असेल आणि लोहचुंबक चिकटत नसेल तर शंका घ्या आणि साबणाच्या गरम पाण्यावर भागवा. रंग दिलेल्या भिंतीवर, लोकरीवर आणि रेशमावरही हा सोडा नको.

तळणाच्या कढईसाठी एक जुनी युक्ती सगळ्यांत स्वस्त आहे. कढई सिंकमध्ये नेण्याआधी तिच्यात मूठभर गव्हाचा कोंडा किंवा चाळणीत उरलेलं पीठ टाकून कागदाने फिरवा. तेल त्यात शोषलं जातं आणि केराच्या डब्यात जातं. निम्मा साबण वाचतो आणि सिंकचा पाइपही तुंबत नाही. दूध किंवा भात तळाला लागला असेल तर स्टीलच्या भांड्यात दोन बोटं पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून पाच मिनिटं उकळा, झाकून ठेवा, थंड झालं की लाकडी उलथन्याने खरवडा.

क्षारांसाठी आंबट पाणी

एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व घाला आणि फवाऱ्याच्या बाटलीत भरा. आठवड्याला लागेल एवढंच करा, फार दिवस ठेवलं तर त्यात बुरशी धरते.

नळाला फवारा मारून लगेच पुसलं तर काही होत नाही. क्षार विरघळायला वेळ लागतो. फडक्याची पट्टी या पाण्यात भिजवून नळाभोवती गुंडाळा आणि वीसेक मिनिटांनी काढा. मग जुन्या टूथब्रशने सांध्यांत घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर मात्र ठेवू नका, चकाकीचा मुलामा खराब होऊ शकतो. शॉवरची भोकं बुजली असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हे पाणी भरून शॉवर त्यात बुडेल अशी ती रबराने बांधा. बादल्या-मगांना याच पाण्याचा तास-दोन तासांचा मुक्काम लागतो, आणि थर जाड असेल तर तो दोनदा द्यावा लागतो.

विजेच्या किटलीत थर साचला असेल तर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व घालून उकळी आणा, बटण बंद करा, वीस मिनिटं थांबा आणि ओतून द्या. मग एकदा नुसतं पाणी उकळून तेही फेकून द्या. थर गेला की पाणी लवकर तापतं, म्हणजे विजेचीही थोडी बचत.

काचा आणि आरशांना एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी. फडक्याने पुसा आणि ओल असतानाच वर्तमानपत्राने घासा. टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइलच्या पडद्यांना हे लावू नका, त्यांच्यावर नाजूक लेप असतो.

आता फरशीबद्दल, कारण सगळ्यांत मोठं नुकसान इथेच होतं. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. संगमरवरही त्याच कुळातला. जुन्या मोझेक फरशीत सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात. या सगळ्यांना आंबट खातं. लिंबूसत्व, व्हिनेगर, ताक, पुढे येणारं सालींचं पाणी, काहीही असो. चकाकी जाते आणि दगड कायमचा खरखरीत होतो, तो मग पॉलिशवाल्यालाच बोलावून बरा करावा लागतो. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड ठेवली तर दुसऱ्या दिवशी गोल फिका डाग दिसतो, तो डाग नसतो, दगड झिजलेला असतो. आपला दगड कोणता हे कळत नसेल तर कोपऱ्यात, कपाटाखाली, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर त्या दगडाला आंबट वर्ज्य. लगेच पुसून घ्या. अशा फरशीला रिठ्याचं पाणी किंवा किंचित साबण पुरतो. मुंग्या येत असतील तर पाण्यात मूठभर मीठ टाकून पुसण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मुंग्यांचा माग पुसला जातो म्हणून थोडा फरक पडतो, बाकी काही जादू नाही.

फसफसण्याची गंमत

सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फेस येईल आणि सगळं चकचकीत होईल, असे व्हिडिओ पाहिले असतील. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. पण त्या क्षणी सोड्याचा सोडेपणा आणि व्हिनेगरचा आंबटपणा दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि खाली उरतं ते थोडंसं खारट पाणी. अडकलेला कचरा त्या बुडबुड्यांनी थोडा हलत असेल, एवढाच त्याचा उपयोग. दोन्ही वापरायचे असतील तर एक वापरून, धुऊन, मग दुसरं. बंद बाटलीत तर हे मिश्रण कधीच भरू नका, गॅसच्या दाबाने बाटली फुटते. साबण आणि व्हिनेगरचंही तसंच, साबण नासतो आणि वर तेलकट गाठी तरंगतात.

मोरीच्या जाळीतून वास येत असेल तर आधी जाळी उचलून केस आणि गाळ हाताने काढा. मग अर्धी वाटी धुण्याचा सोडा टाका, वरून तांब्याभर गरम पाणी, अर्ध्या तासाने बादलीभर साधं पाणी. पाइप प्लॅस्टिकचा असतो, उकळतं पाणी ओतू नका.

काय कशात मिसळायचं नाही

हा भाग घाईत वगळू नका. ब्लीच, म्हणजे कपडे पांढरे करायचं द्रव किंवा ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर, कुठल्याही आंबट पदार्थाशी आली की क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यामुळे ते आणि ब्लीच एकत्र आले तर बंद न्हाणीघरात जीवावर बेतू शकतं. व्हिनेगर आणि लिंबूसत्वही त्यातच मोडतात. अमोनिया असलेल्या काच-फवाऱ्याशीही ब्लीच लागता कामा नये, तिथे दुसरा विषारी वायू होतो. चुकून वास आलाच तर पाणी ओतत बसू नका, सगळं तसंच टाकून बाहेर या, दार-खिडक्या उघडा. खोकला किंवा श्वासाचा त्रास होत असेल तर डॉक्टरकडे जा.

याच ओघात आणखी एक. ब्लीच सोडलं तर वर सांगितलेलं काहीही जंतुनाशक नाही. मळ जातो, त्याबरोबर बरेचसे जंतूही धुऊन जातात, पण घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तर त्याच्या न्हाणीघराला लिंबूसत्व पुरत नाही. तिथे ब्लीचच हवं. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट साधारण 5 टक्के लिहिलं असेल तर लिटरभर पाण्यात 20 मिली, आणि जागा आधी साबणाने धुऊन, नुसत्या पाण्याने काढून. दहा मिनिटं ओलं राहू द्या. हे द्रावण रोज ताजं करायचं.

रिठ्याचं पाणी

कपड्यांसाठी आणि फरशीसाठी माझी पसंती याला. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्याचा फेस होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाची जशी पांढरी साय धरते तशी याची धरत नाही.

1. बिया काढलेले 50 ग्रॅम रिठे लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. बियांना फेस नसतो, त्या घेऊन वजन वाढवू नका.
2. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. भांडं मोठं घ्या, दुधासारखं उतू जातं आणि ओटा पुसायचं काम वाढतं.
3. थंड झाल्यावर हाताने कुस्करा, पंचाच्या कापडातून गाळा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून कुस्करला तर आणखी थोडं पातळ पाणी मिळतं, ते फरशीला.
4. फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. बाहेर ठेवलं तर दोन दिवसांत आंबतं. जास्त झालं तर बर्फाच्या साच्यात गोठवा.

रंग तपकिरी असतो, त्यामुळे पांढऱ्या शर्टाला नको. लोकर, रेशमी साड्या, रंग जाण्याची भीती असलेले सुती कपडे यांना मात्र याच्याइतकं सौम्य दुसरं काही नाही. बादलीत पेलाभर पाणी टाकून दहा मिनिटं बुडवा, पिळू नका, सावलीत वाळवा. भरजरी पैठणीवर प्रयोग करू नका. सोन्याचे साधे दागिने सराफही रिठ्याच्या पाण्यानेच धुतात. मोती आणि खड्यांचे मात्र त्यात भिजवायचे नाहीत.

डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवा. आणि हे पाणी माशांच्या टाकीजवळ नको. सॅपोनिन माशांना विषारी आहे.

सालींचं पाणी, म्हणजेच बायो-एन्झाईम

याचं माप 1, 3, 10 असं: एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली, दहा भाग पाणी. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली आणि एक लिटर पाणी. मोसंबी, संत्री, लिंबू चालतात. दोन लिटरची शीतपेयाची रिकामी बाटली घ्या, तिच्यात वर एक-तृतीयांश जागा मोकळी राहायला हवी. काचेची बरणी नको. आत गॅस धरतो आणि काच फुटली तर इजा होते.

बाटलीवर तारीख लिहा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस जाऊ द्या, मग आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांनी गाळा. वर पांढरा थर आला तर घाबरू नका. काळी किंवा हिरवी बुरशी आली आणि कुजका वास सुटला तर फेकून द्या. चांगल्या बाटलीला आंबट-गोड, फळांचा वास येतो. गाळलेल्या साली पुढच्या बाटलीत थोड्या टाकल्या तर ती लवकर आंबते.

याच्याबद्दल वाट्टेल ते दावे केले जातात. खरं सांगायचं तर हे मुख्यतः सौम्य आंबट पाणी आहे, आंबवण्यातून तयार झालेलं. म्हणून ते क्षारांवर आणि संडासच्या भांड्यावर चांगलं चालतं: रात्री पेलाभर ओता, सकाळी ब्रशने घासा. व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइल्स पुसायला बादलीत अर्धी वाटी. शहाबादी-कडप्प्याला हेही नको. तेलाच्या जुन्या चिकट्यावर याची अपेक्षा करू नका. पण साली फुकट, गूळ दहा-वीस रुपयांचा आणि वास छान, यामुळे ज्यांच्या घरात फळं येतात त्यांनी जरूर करावं.

तांबं, पितळ, चांदी

लिंबाएवढी चिंच अर्धा तास भिजवा, कोळ काढा, त्यात चमचाभर मीठ घाला. ताम्हन, समई, तांब्या यांना चोळा आणि लगेच धुवा. चिंचेतलं आम्ल काळपट थर विरघळवतं, मीठ त्याला मदत करतं. चोळून तसंच ठेवलं किंवा धुतलेलं भांडं ओलं राहिलं तर हिरवट डाग येतात. म्हणून शेवटी साबणाचा हात, भरपूर पाणी आणि कोरडं फडकं. चिंच नसेल तर कोकणात भिजवलेली आमसुलं वापरतात, आंबट ताकही चालतं.

कल्हई केलेल्या भांड्याला आतून हे लावू नका. कल्हईचा पातळ थर झिजतो, आणि मग त्यात आंबट वरण किंवा ताक ठेवणं धोक्याचं होतं.

चांदीला घासणं नकोच, घासताना थोडी चांदीही जाते. मोठ्या भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर निरांजन-वाट्या फॉइलला टेकतील अशा ठेवा. लिटरभर उकळत्या पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि एक लहान चमचा मीठ विरघळवून ओता. थोडा कुजक्या अंड्याचा वास येईल, काळेपणातलं गंधक सुटत असतं. पाच-दहा मिनिटांत चांदी उजळते. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना हे करू नका, त्यांचा मुद्दाम ठेवलेला काळेपणाच निघून जाईल.

घरी करू नये असं काही

भांडी घासायची वडी बाजारात इतकी स्वस्त आहे की घरी तिची नक्कल करण्यात वेळच जातो. साबण किसून सोड्यात मिसळलेली कपड्यांची पावडर थंड, जड पाण्यात नीट विरघळत नाही, कपड्यांवर पांढरट थर ठेवते आणि यंत्रातही साचते. कॉस्टिक सोडा आणि ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा तीव्र आम्लधर्मी कच्चा माल) आणून फिनेल किंवा लिक्विड सोप करायचे संच मिळतात. कॉस्टिकने डोळा जाऊ शकतो, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात फक्त सोड्याचं आणि लिंबूसत्वाचं पाणी करा. रिठे पुढच्या आठवड्यात भिजवा. आणि सालींच्या पाण्याने दिवाळीची सफाई करायची असेल तर बाटली आषाढातच भरायला हवी. नागपुरी संत्र्यांच्या मृग बहराच्या, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या फळांच्या, साली फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात. त्यांची बाटली भरली तर ती मे-जूनपर्यंत तयार होते आणि सावलीत ठेवली तर दिवाळीपर्यंत सहज टिकते.